टीव्हीचा आवाज: एका ॲपमध्ये मुका, दुसऱ्यात पुटपुटणारा

निवांत_दुपार (धागाकर्ती)

मंडळी, नवा स्मार्ट टीव्ही आणि सोबत साउंडबार घेतला. चित्राबद्दल तक्रार नाही, पण आवाजाने वात आणलाय. दोन्ही ऑप्टिकल वायरने जोडले आहेत.

पहिला त्रास: यूट्यूब छान वाजतं, पण एका स्ट्रीमिंग ॲपमध्ये काही सिनेमे लावले की साउंडबार ढिम्म. चित्र चालू, आवाज शून्य. त्याच ॲपमधल्या जुन्या मालिका मात्र वाजतात.

दुसरा: जिथे आवाज येतो तिथे माणसं पुटपुटतात. शब्द कळावेत म्हणून आवाज वाढवावा तर पुढच्याच मिनिटाला गाडी उडते आणि अख्खं घर जागं होतं. सिनेमाभर रिमोट हातातून सुटत नाही.

तिसरा: आई रात्री ब्लूटूथ हेडफोन लावून बघते. तिचं म्हणणं, ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात.

सर्व्हिस सेंटरला फोन केला तर टीव्ही न बघताच 'मदरबोर्ड बदलावा लागेल' असं उत्तर मिळालं. खरंच तसं असेल का? सुरुवात कुठून करू?

उगाचच

बंद करून चालू केलात का? (हलकेच घ्या)

एकच_चावी

उगाचच, विनोद बाजूला ठेवा, पहिला उपाय तोच आहे. फक्त 'बंद' म्हणजे काय ते नीट समजून घ्या. रिमोटचं बटण दाबल्यावर टीव्ही बंद होत नाही, डुलकी काढतो. टीव्ही, साउंडबार आणि स्टिक किंवा बॉक्स असेल तर तोही, सगळ्यांचे प्लग भिंतीतून काढा. मिनिटभर थांबा. मग आधी साउंडबार लावा, तो पूर्ण जागा झाला की टीव्ही.

एचडीएमआयने जोडलेली उपकरणं चालू होताना एकमेकांना विचारतात की तुला कुठल्या प्रकारचा आवाज झेपतो. ही विचारपूस अर्धवट राहिली की टीव्ही चुकीची समजूत करून घेतो आणि तीच धरून बसतो. प्लग काढला की ती पुसली जाते. सॉफ्टवेअर अपडेट येऊन गेल्यावर अचानक आवाज गेला असेल तर हे करून बघितल्याशिवाय पुढे जाऊच नये.

ऑप्टिकलमध्ये असा संवाद होत नाही, ती एकेरी वाट आहे. त्यामुळे धागाकर्तीला याचा किती उपयोग होईल शंका आहे.

तारेवरची_कसरत

बोर्ड बदलू नका. बोर्ड गेला असता तर यूट्यूबही वाजलं नसतं.

तीन गोष्टी बघून सांगा. एक, साउंडबार मुका होतो तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन आवाज टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर वळवला तर येतो का? दोन, त्या सिनेमात ऑडिओ आणि सबटायटल्सच्या यादीत एकाच भाषेचे दोन पर्याय दिसतात का, एक साधा आणि एकापुढे ५.१ (म्हणजे पाच स्पीकर आणि एक बासचा, असे सहा चॅनेल) लिहिलेला? साधा निवडून बघा. तीन, टीव्हीच्या साउंड मेनूत 'डिजिटल साउंड आउटपुट' किंवा तशा नावाची ओळ असेल, तिथे काय निवडलेलं आहे?

एका वेळी एकच गोष्ट बदला. चार बटणं एकदम फिरवली आणि आवाज आला, तर तो कशाने आला ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा शून्यापासून सुरुवात.

निवांत_दुपार

१. टीव्हीच्या स्पीकरवर सगळं वाजतं, मुका राहणारा सिनेमासुद्धा.
२. हो, दोन पर्याय आहेत. ५.१ लावलं की शांतता, साधा लावला की साउंडबार बोलायला लागतो!
३. 'पासथ्रू'.

तारेवरची_कसरत

मग उलगडा झाला. टीव्ही धडधाकट आहे, साउंडबारही. दोघांमधल्या वाटेत गडबड आहे.

टीव्हीकडून साउंडबारकडे आवाज साधारण तीन रूपांत जातो. पीसीएम म्हणजे पूर्ण उलगडलेला आवाज. तो मिळाला की कुठलंही उपकरण वाजवतं, डोकं लावावं लागत नाही. दुसरं डॉल्बी डिजिटल, मेनूत कधी कधी एसी-३ असं दिसतं. यात ५.१ चा सगळा पसारा दाबून जास्तीत जास्त ६४० किलोबिट प्रतिसेकंदात बसवलेला असतो आणि तो उलगडण्याचं काम साउंडबारने करायचं. तिसरं डॉल्बी डिजिटल प्लस, म्हणजे ई-एसी-३. स्ट्रीमिंग ॲपमधला ५.१ आणि ॲटमॉसचा (डॉल्बीचा वरूनही येणारा आवाज) आवाज बहुतेक वेळा या तिसऱ्या रूपात येतो.

ऑप्टिकल जोडणी तोशिबाने १९८३ मध्ये आणली, सीडी प्लेअरसाठी. तिच्यातून दोन चॅनेलचं पीसीएम जातं, साधं डॉल्बी डिजिटल जातं, साधं डीटीएस (डॉल्बीसारखाच दुसऱ्या कंपनीचा प्रकार) जातं. डॉल्बी डिजिटल प्लस जात नाही. म्हणजे टीव्हीने वाटेत प्लसचं साधं डॉल्बी करून द्यायला हवं. तुम्ही 'पासथ्रू' ठेवलंय, म्हणजे टीव्हीला सांगितलंय की आलेल्या आवाजाला हात लावू नकोस, तसाच पुढे ढकल. पुढे तो जाऊच शकत नाही, म्हणून शांतता. यूट्यूब आणि जुन्या मालिका दोन चॅनेलच्या, त्या पीसीएम होऊन बिनबोभाट जातात.

आधी 'ऑटो' करून बघा. नाही झालं तर 'डॉल्बी डिजिटल'. तेही नाही तर 'पीसीएम'. पीसीएमवर आवाज यायलाच हवा. तिथेही नाही आला तर वायर किंवा साउंडबारचं इनपुट तपासा.

शब्दवेडी

वायरचा विषय निघालाच आहे तर: नव्या ऑप्टिकल वायरच्या दोन्ही टोकांना छोटी पारदर्शक प्लास्टिकची टोपणं असतात. ती काढायची असतात! पारदर्शक असल्याने दिसत नाहीत, आणि टोपणासकट घुसवायला गेलं की वायर नीट बसत नाही. टीव्हीच्या बाजूने लावून दुसरं टोक हातावर धरून बघा, तळव्यावर लाल ठिपका दिसला पाहिजे. दिसला की टीव्हीकडून प्रकाश येतोय एवढं पक्कं. लावताना 'टक' असा बारीक आवाज येईपर्यंत दाबायचं. आणि ती वायर कपाटामागून काटकोनात वळवू नका. आत तांबं नसतं, जोरात दुमडली की कामातून गेली.

निवांत_दुपार

'ऑटो'ने काही झालं नाही. यादीत 'डॉल्बी डिजिटल' असा वेगळा पर्यायच नाही. 'पीसीएम' केलं आणि आला! तारेवरची_कसरत, दंडवत घ्या.

पण आता साउंडबारवर ५.१ चा दिवा लागत नाही. म्हणजे मी अर्धाच आवाज ऐकतेय का?

तारेवरची_कसरत

साउंडबारच्या खोक्यावर काय लिहिलंय, २.१ (दोन स्पीकर आणि एक बासचा) की ५.१? २.१ असेल तर काहीही हरवलेलं नाही. तसाही तो आलेले सहा चॅनेल कालवून दोनच करणार होता, आता ते काम टीव्ही करतोय. ५.१ असेल आणि मागचे स्पीकर वेगळे असतील तर मात्र ऑप्टिकलवरच्या पीसीएमने नुकसान आहे, कारण त्या वाटेने पीसीएमचे दोनच चॅनेल जातात.

निवांत_दुपार

२.१ आहे. पण मागे एक एचडीएमआयचं भोक आहे, त्याच्यावर 'आर्क' लिहिलंय. ते कशाला?

एकच_चावी

अहो, ते होतं तर ऑप्टिकल लावलीच कशाला! :)

आर्क म्हणजे ऑडिओ रिटर्न चॅनेल. नेहमीचा एचडीएमआय टीव्हीत आवाज आणतो, आर्क त्याच वायरने आवाज उलटा बाहेर पाठवतो. २००९ मध्ये एचडीएमआय १.४ बरोबर आलं. यातून डॉल्बी डिजिटल प्लसही जाऊ शकतं, आणि त्यात गुंडाळलेलं स्ट्रीमिंगचं ॲटमॉससुद्धा. फक्त दोन्ही बाजूच्या उपकरणांना ते झेपलं पाहिजे. पुढे २०१७ मध्ये एचडीएमआय २.१ बरोबर ई-आर्क आलं, त्याची वाट बरीच रुंद आहे. बिनदाबाचं ५.१ पीसीएम किंवा ब्लू-रेवरचं डॉल्बी ट्रूएचडी पाठवायचं असेल तर ई-आर्कच लागतं. नुसतं ऑनलाइन बघणाऱ्याचं साध्या आर्कवर भागतं, ई-आर्कसाठी नवं सामान घ्यायला धावू नका.

वायर लावताना सांभाळायचं एवढंच: टीव्हीच्या तीन-चार एचडीएमआय भोकांपैकी आर्क सहसा एकाच भोकात असतं आणि तिथे तसं छापलेलं असतं. शेजारच्या भोकात लावली तर चुकूनही आवाज येणार नाही. साउंडबारच्या बाजूनेही 'आउट' किंवा 'आर्क' लिहिलेल्या जागीच लावायची. मग टीव्हीच्या मेनूत सीईसी, म्हणजे एचडीएमआयवरून उपकरणांनी एकमेकांना हुकूम देण्याची सोय, चालू करायचं. हे नाव तुम्हाला मेनूत क्वचितच दिसेल, प्रत्येकाने त्याचं बारसं वेगळं केलंय: सॅमसंगचं ॲनिनेट प्लस, एलजीचं सिमप्लिंक, सोनीचं ब्राव्हिया सिंक, पॅनासोनिकचं व्हिएरा लिंक, फिलिप्सचं इझीलिंक. नाव कुठलंही असो, चालू करा.

रात्रपाळी

सीईसीबद्दल थोडं वेगळं मत. आर्कसाठी ते लागतं हे खरं, पण त्याच्यामुळे एक उपकरण उठलं की सगळी उठतात. आमच्याकडे गेम कन्सोल बंद केला की टीव्ही झोपायचा, मधूनच इनपुट आपोआप बदलायचं, आणि साउंडबार अधूनमधून 'टीव्ही'वरून 'ब्लूटूथ'वर उडी मारायचा. शेवटी कन्सोलच्या बाजूने सीईसी बंद केलं, फक्त टीव्ही आणि साउंडबारचं ठेवलं. ज्यांना हा ताप नको आणि बार २.१ च आहे त्यांनी ऑप्टिकल आणि पीसीएमवर खुशाल राहावं. आवाजात फरक कळणार नाही.

तारेवरची_कसरत

सहमत. फक्त आर्कचा एक फायदा म्हणजे टीव्हीच्या रिमोटने साउंडबारचा आवाज कमीजास्त होतो. घरात वयस्कर माणसं असतील तर दोन रिमोटची कटकट जाते, हे मी लहान समजत नाही.

निवांत_दुपार

आर्क लावलं. पहिल्यांदा चुकीचं भोक, मग बरोबर भोक. आता ५.१ चा सिनेमाही 'ऑटो'वर वाजतो. पहिला प्रश्न मिटला. आता त्या पुटपुटण्याचं बोला.

उगाचच

त्याला सेटिंग काय करणार? हल्लीचे नट तोंडातल्या तोंडातच बोलतात आणि दिग्दर्शक त्यालाच अभिनय म्हणतात. जुन्या डबड्या टीव्हीवर एकेक शब्द ऐकू यायचा. दुरुस्त करायचेच तर सिनेमे करा, टीव्ही नव्हे.

शब्दवेडी

उगाचच, अर्धं मान्य. पण तुमच्या डबड्या टीव्हीचा स्पीकर तुमच्याकडे तोंड करून बसलेला असायचा. आताचा टीव्ही बोटभर जाडीचा, त्यात पुढे स्पीकर ठेवायला जागाच नाही. तो खाली किंवा मागे बघतो. आवाज आधी भिंतीवर किंवा टेबलावर आपटतो आणि मग तुमच्यापर्यंत येतो. आपटताना सगळ्यात आधी स, श, च, ट यांची धार जाते. शब्द कळतात ते या व्यंजनांमुळे, आणि ती साधारण २ ते ४ किलोहर्ट्झ आणि त्याच्या वर असतात. स्वर खाली असतात, ते पोचतात. म्हणून 'कुणीतरी बोलतंय' एवढं कळतं, काय बोलतंय ते नाही. वयानुसार कानही आधी याच वरच्या पट्टीत मंद होतात, म्हणजे मोठ्यांना दुहेरी मार.

त्यामुळे पहिलं काम: साउंडबारवरचा बास कमी करा. लोक उलटं करतात, आवाज 'भरदार' व्हावा म्हणून बास चढवतात आणि मग शब्द गेले म्हणून ओरडतात. साउंडबार टीव्हीच्या टेबलावर आत सरकवून ठेवला असेल तर पुढच्या कडेला आणा.

तारेवरची_कसरत

शब्दवेडीताईंचं म्हणणं बरोबर, त्यात मिश्रणाचा भाग जोडतो.

५.१ मध्ये संवाद बहुतांश मधल्या चॅनेलवर असतात, म्हणजे पडद्यासमोरच्या सेंटर स्पीकरवर. डाव्या-उजव्यावर संगीत आणि दणके. ज्यांच्याकडे सेंटर नाही त्यांच्याकडे उपकरण तो मधला चॅनेल साधारण ३ डेसिबलने उतरवून डाव्या-उजव्यात मिसळतं. आता संवाद आणि संगीत एकाच स्पीकरमधून येतात आणि संगीत संवादावर बसतं. म्हणून २.१ बारवर ५.१ ट्रॅक लावण्यापेक्षा ॲपमधला साधा स्टीरिओ ट्रॅक निवडा. तो स्टुडिओत दोन स्पीकरसाठी तयार केलेला असेल तर पुष्कळदा शब्द जास्त स्वच्छ असतात. पैसा नाही, वायर नाही, नुसतं मेनूत जाऊन निवडायचं. माझ्या मते या धाग्यातला सगळ्यात कामाचा उपाय हाच.

दुसरं, आवाजाच्या पातळीचं. युरोपातल्या प्रसारणासाठी २०१० ची आर १२८ ही शिफारस कार्यक्रमाच्या आवाजाची सरासरी पातळी उणे २३ एलयूएफएसवर (आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक; आकडा जितका उणे तितका आवाज हळू) ठेवायला सांगते. नेटफ्लिक्सचा नियम संवाद मोजून ते उणे २७ च्या आसपास ठेवण्याचा आहे. म्हणजे संवाद खाली आणि वर दणक्यांना भरपूर मोकळी जागा. थिएटरसारख्या शांत अंधाऱ्या खोलीत हे छान वाटतं. पंखा चालू, कुकरची शिट्टी, बाहेर रहदारी, अशा खोलीत संवाद बुडतात आणि दणके तेवढे उरतात.

या दोन टोकांमधलं अंतर कमी करणारी सोय टीव्ही किंवा साउंडबारमध्ये असते: 'नाइट मोड', 'ऑटो व्हॉल्यूम', 'व्हॉल्यूम लेव्हलिंग', 'डीआरसी'. दणके दाबते, पुटपुटणं उचलते. 'क्लिअर व्हॉइस' किंवा 'डायलॉग' नावाचं बटण असेल तर ते शब्दांच्या पट्टीला उचलतं. दोन्ही ठिकाणी एकदम लावू नका, टीव्हीवर एक आणि बारवर एक असं झालं की आवाज घशात अडकल्यासारखा येतो. बारवरचं लावा, टीव्हीवरचं 'स्टँडर्ड' ठेवा.

उगाचच

बरं, माघार. पण नट तोंडातच बोलतात हे मात्र कायम.

रिमोटवाली

ज्यांच्याकडे स्टिक किंवा वेगळा बॉक्स आहे त्यांच्यासाठी जागा सांगते, शोधत बसायला नको.

रोकूवर काहीतरी चालू असताना स्टारचं बटण दाबलं की आवाजाचे पर्याय उघडतात, लेव्हलिंग आणि नाइट तिथेच असतात. उपकरणानुसार यादी थोडी वेगळी. फायर टीव्हीवर सेटिंग्जमध्ये डिस्प्ले अँड साउंड्स, तिथे ऑडिओ, मग सराउंड साउंड; मुकेपणा आला की तिथे पीसीएम करून बघा. ॲपल टीव्हीवर व्हिडिओ अँड ऑडिओमध्ये 'रिड्यूस लाउड साउंड्स' आहे, रात्रीसाठी एकदम चोख. गूगल टीव्ही आणि अँड्रॉइड टीव्हीवर प्रगत साउंड सेटिंगमध्ये फॉरमॅट निवडायची जागा असते: ऑटो, एकही नाही, किंवा हाताने. 'एकही नाही' केलं की सगळं पीसीएम होऊन बाहेर पडतं.

प्राइम व्हिडिओने २०२३ पासून काही निवडक कार्यक्रमांना 'डायलॉग बूस्ट'चा पर्याय दिलाय. भाषेच्याच यादीत मध्यम आणि जास्त असे वेगळे ट्रॅक दिसतात. ज्यांना आहे त्यांना आहे, सरसकट नाही.

सूर्यफूल

विषय निघालाय तर माझं गाऱ्हाणं. आमच्या टीव्हीवर एक बाई मध्येमध्ये बोलते. 'तो दार उघडतो. ती खिडकीकडे बघते.' सगळ्या सिनेमांत नाही, एका ॲपमध्येच. घरात भुताटकी म्हणून चिडवतात. काय आहे हे?

रिमोटवाली

भूत नाही, ऑडिओ डिस्क्रिप्शन आहे. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पडद्यावरचं वर्णन करणारा वेगळा ट्रॅक. चालू सिनेमात भाषेच्या यादीत जा, 'ऑडिओ डिस्क्रिप्शन' शब्द नसलेली ओळ निवडा. पुन्हा आपोआप लागला तर टीव्हीच्या ॲक्सेसिबिलिटी मेनूत आणि ॲपच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, दोन्हीकडे बंद करा. रिमोटवरचं एखादं बटण दाबून धरलं गेलं की काही टीव्हींवर हे चालू होतं, लहान मुलांच्या हाती रिमोट असेल तर शक्यता जास्त.

सूर्यफूल

गेली बाई! घरी निकाल जाहीर केलाय.

निवांत_दुपार

बास कमी केला, स्टीरिओ ट्रॅक लावला, बारवर नाइट मोड. काल अख्खा सिनेमा एकाच आवाजावर बघितला. स्टीरिओ ट्रॅकचा फरक इतका असेल असं वाटलं नव्हतं. कोर्टाच्या प्रसंगात मागच्या बाकावरचा माणूस कुजबुजतो तेही कळलं.

आता आईचे हेडफोन.

रात्रपाळी

ब्लूटूथचा स्वभावच तो आहे. आवाज दाबायचा, हवेतून पाठवायचा, पलीकडे साठवून उलगडायचा, यात वेळ जातो. नेहमीच्या एसबीसी कोडेकवर (आवाज दाबायची-उलगडायची पद्धत) १५० ते २५० मिलिसेकंद सहज. २५ फ्रेमच्या चित्रात एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे चार-सहा फ्रेमचा उशीर.

माणसाला किती खटकतं याची आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची १९९८ ची शिफारस आहे, बीटी १३५९. आवाज चित्राच्या पुढे गेला तर ४५ मिलिसेकंदांवर जाणवायला लागतं, मागे राहिला तर १२५ पर्यंत लक्षात येत नाही. लांबून आवाज उशिरा येण्याची आपल्याला जन्मापासून सवय, तीन मीटरवरून यायलाही त्याला जवळपास ९ मिलिसेकंद लागतात. आवाज आधी आणि ओठ नंतर हे निसर्गात घडत नाही, म्हणून ते लगेच टोचतं. आईंचा उशीर १२५ च्या पलीकडे गेलाय एवढंच.

शब्दवेडी

हे घरी मोजायची सोपी रीत: बातम्या सांगणाऱ्याचा चेहरा जवळून दिसेल असा कार्यक्रम लावा आणि फक्त प, ब, म कडे बघा. या अक्षरांना दोन्ही ओठ पूर्ण मिटतात. ओठ मिटून उघडण्याच्या क्षणी आवाज आला पाहिजे. बाकी अक्षरांवरून काही ठरवू नका, डोकं फिरतं.

तारेवरची_कसरत

आणि सेटिंगमधलं 'ऑडिओ डिले' किंवा 'लिप सिंक' बघून हरखू नका. त्यातलं बहुतेक सगळं आवाजाला उशीरच करतं. आवाज आधी येत असेल तर उपयोगी. तुमच्याकडे आवाज आधीच उशिरा येतोय, त्यात आणखी घातला तर उलट परिणाम. आवाज उशिरा येत असेल तर वाटेतले थांबे कमी करायचे: टीव्हीवरचे व्हर्च्युअल सराउंडसारखे प्रकार बंद, आउटपुट पीसीएम. साउंडबारवर आवाज आधी येत असेल तर कारण बहुधा चित्राच्या बाजूला असतं. टीव्ही चित्र गुळगुळीत करण्याच्या खटाटोपात वेळ घालवतो, ते मोशन स्मूदिंग बंद केलं की दोघं जवळ येतात.

आईंसाठी दोन पर्याय. टीव्हीच्या मेनूत ब्लूटूथ हेडफोनसाठी वेगळा एव्ही सिंक आहे का बघा, काही टीव्ही तिथे चित्र थांबवून आवाजाची वाट बघतात. नसेल तर टीव्हीसाठी म्हणून मिळणारे, स्वतःचा ट्रान्समीटर असलेले वायरलेस हेडफोन घ्या. ट्रान्समीटर हेडफोनच्या भोकात किंवा ऑप्टिकलला लागतो (ऑप्टिकल आता तुमच्याकडे मोकळीच आहे), आणि त्यातला उशीर सहसा जाणवत नाही. ॲपल टीव्ही असेल तर आयफोनने करायचं वायरलेस ऑडिओ सिंक आहे, पण ते स्पीकरसाठी.

रात्रपाळी

हेडफोनमध्ये आवाज तुटत असेल तर आणखी एक. ब्लूटूथ आणि २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय एकाच पट्टीत धडपडतात. टीव्ही किंवा स्टिक ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर टाका, किंवा लॅनची वायर लावा. टीव्हीच्या मागे यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लटकत असेल तर ती बाजूला करा, यूएसबी ३ चा गोंगाट नेमका २.४ च्या आसपास पडतो. स्टिक थेट टीव्हीच्या पोटात खुपसण्याऐवजी सोबत मिळालेल्या छोट्या एचडीएमआय एक्स्टेंडरवर लावा, थोडी बाहेर आली की फरक पडतो.

पाणपोई

माझा प्रश्न वेगळा. ॲम्प्लिफायरला टीव्ही साध्या लाल-पांढऱ्या वायरने जोडलाय. काहीही लावलेलं नसतानासुद्धा 'हूंऽऽ' असा बारीक आवाज येतो. केबलची वायर सेटटॉप बॉक्समधून काढली की थांबतो.

एकच_चावी

उत्तर तुम्हीच दिलंत. ग्राउंड लूप. केबलची जाळी एका ठिकाणी अर्थ झालेली, ॲम्प्लिफायर दुसऱ्या ठिकाणी, आणि दोन्हींमधला बारीक प्रवाह तुमच्या ऑडिओ वायरमधून फिरतो. टीव्ही आणि ॲम्प्लिफायर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. तरी राहिला तर टीव्ही ते ॲम्प्लिफायर ऑप्टिकलने जोडा, तिच्यातून वीज जातच नाही, लूप तिथेच तुटतो. ॲम्प्लिफायरला ऑप्टिकल नसेल तर छोटा डिजिटल टू ॲनालॉग कन्व्हर्टर मध्ये लागेल, आणि त्याच्यासाठी टीव्हीचं आउटपुट पीसीएम हवं. प्लगची अर्थची पिन काढून टाका असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, जिवाशी खेळ आहे.

पाणपोई

एकाच बोर्डवर घेतल्यावर निम्म्याहून कमी झाला. कन्व्हर्टर मागवतो.

चिंचोका

उशिरा आलो, पण माझंही मुकं प्रकरण आहे. पेनड्राइव्हवरचे काही सिनेमे टीव्हीत लावले की चित्र येतं, आवाज नाही. ऑनलाइन सगळं ठीक. पीसीएम करून बघितलं, उपयोग नाही. जुन्या टीव्हीवर हेच सिनेमे वाजायचे.

तारेवरची_कसरत

फाइलची माहिती उघडून बघा, आवाजाच्या ओळीत डीटीएस लिहिलं असेल. टीव्हीलाच तो उलगडता येत नसेल तर पीसीएम करून काही होत नाही. सॅमसंगने २०१८ च्या मॉडेलांपासून डीटीएस काढून टाकलं, एलजीनेही २०२० मध्ये काढलं आणि २०२३ मध्ये काही मॉडेलांत परत आणलं. त्यामुळे जुना टीव्ही वाजवतो आणि नवा नाही हे अगदी शक्य आहे.

चिंचोका

डीटीएसच आहे! मग आता?

रिमोटवाली

टीव्ही अँड्रॉइडचा असेल तर व्हीएलसी हे प्लेअर ॲप टाकून त्यातून लावा, ते स्वतःच उलगडतं. नसेल तर संगणकावर फाइलमधला आवाज तेवढा एसी-३ मध्ये बदलून घ्या. चित्र तसंच कॉपी करायचा पर्याय निवडा, म्हणजे पूर्ण सिनेमा पुन्हा एन्कोड करत बसावं लागत नाही आणि दर्जाही जात नाही.

चिंचोका

अँड्रॉइडच आहे. व्हीएलसीमध्ये लावला, वाजला. बाकीच्या फाइली सावकाश बदलतो.